व्हिजिट व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर: दुबईला निघालेल्या नागपूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

नागपूरहून शारजाला जाणाऱ्या विमानात मला दर खेपेला असे दोन-चार तरुण भेटतात, ज्यांच्या खिशात साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा असतो, मोबाइलमध्ये बायोडेटा असतो आणि मनात एकच हिशेब असतो, की तिथे नोकरी मिळाली की पुढचे सगळे कंपनी बघून घेईल. काही वर्षांपूर्वी बुटीबोरीतल्या एका कारखान्यातली देखभाल विभागाची नोकरी सोडून मीही याच हिशेबाने गेलो होतो. चौतिसाव्या दिवशी मला ऑफर मिळाली, पण प्रत्यक्ष कामावर रुजू व्हायला त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ लागला, आणि त्या विलंबातला बहुतेक भाग माझ्याच अपुऱ्या कागदपत्रांमुळे झालेला होता. तो वेळ आणि ते पैसे तुमचे वाचावेत, म्हणून ही प्रक्रिया मी ज्या क्रमाने करायला हवी होती त्या क्रमाने येथे लिहीत आहे.

१. व्हिजिट व्हिसावर काय करता येते आणि काय नाही

व्हिजिट व्हिसावर संयुक्त अरब अमिरातीत (यूएईत) राहून नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात आणि ऑफरवर सहीही करता येते. काम मात्र करता येत नाही, मग ते बिनपगारी असो, 'ट्रायल'च्या नावाखाली असो किंवा फक्त चार दिवसांचे असो. वर्क परमिट नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर किमान १ लाख आणि कमाल १० लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि कामगाराच्या वाट्याला दंडासोबत हद्दपारीही येऊ शकते. "व्हिसा प्रोसेसमध्ये आहे, तोवर साइटवर येऊन काम समजून घ्या," असे सांगणारा मालक तुमच्यावर कृपा करत नसून तुम्हाला धोक्यात घालत आहे, हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी मी एकच सभ्य वाक्य वापरत असे: परमिटचा नंबर आला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होतो.

खास नोकरी शोधण्यासाठी ६०, ९० किंवा १२० दिवसांचा एक वेगळा व्हिसाही २०२२ पासून उपलब्ध आहे. त्याला कोणी प्रायोजक लागत नाही, परंतु तो उच्च कौशल्याच्या पदांसाठी किंवा नावाजलेल्या विद्यापीठांच्या ताज्या पदवीधरांसाठी असल्यामुळे आपल्याकडचे बहुतेक जण साध्या व्हिजिट व्हिसावरच जातात. या लेखात त्याच मार्गाचा विचार केला आहे.

२. पासपोर्टची तपासणी नागपुरातच करा

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, हे सर्वांना ठाऊक असते. ज्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते त्या अशा.

पहिली गोष्ट आडनावाच्या रकान्याची. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून संपूर्ण नाव एकाच रकान्यात एका शब्दाचे आहे, अशांना नोव्हेंबर २०२२ पासून यूएईचा व्हिजिट व्हिसा मिळण्यात अडचण येते. आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा आणि मगच तिकीट काढावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', म्हणजे ईसीआर, अशी नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार यूएईसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तीला भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. व्हिजिट व्हिसावर गेल्यास ही मंजुरी टाळता येते, असे सांगणारे एजंट पुष्कळ आहेत. अडचण पहिल्या सुटीत उभी राहते: घरी येऊन परत निघताना तुमच्या हाती नोकरीचा व्हिसा असतो, पासपोर्ट ईसीआर असतो आणि मंजुरीची नोंद कुठेच नसते, त्यामुळे इमिग्रेशनच्या खिडकीवर अडवले जाण्याची पूर्ण शक्यता असते. शिवाय या मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते, तेही हातचे जाते. तेव्हा ईसीआर पासपोर्ट असलेल्यांनी व्हिजिट व्हिसाचा मार्ग सोडून नोंदणीकृत भरती एजंटामार्फत थेट नोकरीच्या व्हिसावर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही दहावी उत्तीर्ण आहात पण अर्ज करताना प्रमाणपत्र न जोडल्यामुळे ईसीआर नोंद झाली असेल, तर पासपोर्ट पुन्हा काढून ती नोंद हटवता येते.

३. पदवीचे साक्षांकन: सर्वांत जास्त वेळ येथे जातो

कौशल्याच्या पदासाठी वर्क परमिट हवे असेल, तर तुमचे मूळ शैक्षणिक प्रमाणपत्र एका ठरावीक साखळीतून साक्षांकित झालेले असावे लागते. आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाचा शिक्का, त्यानंतर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यानंतर भारतातील यूएईच्या दूतावासाचा, आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. यातली एकही कडी गाळता येत नाही किंवा क्रम बदलता येत नाही. आपले परराष्ट्र मंत्रालय व्यक्तींकडून थेट कागद घेत नाही, तर नेमलेल्या संस्थांमार्फतच घेते. म्हणून सीताबर्डीत किंवा धंतोलीत एखाद्याला हे काम देताना तो कोणत्या नेमलेल्या संस्थेकडे कागद पाठवणार आहे, हे विचारून घ्यावे आणि मूळ कागद दिल्याची सही-शिक्क्यानिशी पावती घ्यावी.

मी स्वतः येथेच फसलो. माझ्याकडे अभियांत्रिकीची सगळी गुणपत्रके होती, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र होते, आणि मूळ पदवी? ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून मी कधी घेतलीच नव्हती. नोकरी लागल्यावर कोणी विचारले नाही, आणि मीही दीक्षांत समारंभाला गेलो नाही. दुबईत कंपनीच्या पीआरओने, म्हणजे सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाने, साक्षांकित पदवी मागितली तेव्हा मी त्याला प्लास्टिकच्या पिशवीतले तात्पुरते प्रमाणपत्र दाखवले, आणि त्याने ते न उघडताच परत दिले. पुढचा महिनाभर माझा भाचा इकडे विद्यापीठात अर्ज, शुल्क, कुरिअर आणि साक्षांकन यांच्या मागे धावत होता, आणि मी तिकडे वाढीव व्हिजिट व्हिसाचे पैसे भरत होतो.

साक्षांकनातल्या इतर चुका अशा:

- लॅमिनेशन. आपल्या घरांत महत्त्वाचा कागद म्हटला की तो लॅमिनेट करून ठेवण्याची पद्धत आहे. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर शिक्का मारता येत नाही. ते काढताना कागद फाटला, तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवावी लागते.
- अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत दूतावासाच्या शिक्क्याशिवाय चालणारे साक्षांकन. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, परंतु यूएई त्या करारात नाही. एखादा दुकानदार "अपोस्टिल करून देतो, सगळीकडे चालते" म्हणाला, तर तो कागद दुबईसाठी निरुपयोगी ठरेल आणि दूतावासाच्या साक्षांकनाचे काम शिल्लकच राहील.
- नावातला फरक. महाराष्ट्रातल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि खाली आईचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर तो वेगळा असतो. क्रमातला फरक सहसा खपून जातो, स्पेलिंगमधला खपत नाही. 'देशमुख'च्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त असले, तरी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र यांची तयारी आधीच करून ठेवा. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललेल्या भगिनींनी विवाह प्रमाणपत्रही साक्षांकित करून घेणे हिताचे आहे. पुढे पती किंवा मुलांना बोलावतानाही ते लागते.

परिचारिका, डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी एवढ्याने भागत नाही. त्यांना दुबईत दुबई आरोग्य प्राधिकरणाचा, अबुधाबीत तेथील आरोग्य विभागाचा परवाना लागतो, त्याआधी डेटाफ्लो या संस्थेकडून शिक्षण आणि अनुभवाची पडताळणी होते, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेसारख्या आपल्या नोंदणी संस्थेचे सद्वर्तनाचे प्रमाणपत्रही मागितले जाते. हे काम महिन्यांच्या हिशेबात चालते, त्यामुळे त्यांनी पडताळणी पूर्ण होण्याआधी व्हिजिट व्हिसा काढूच नये.

४. निघण्यापूर्वी पिशवीत काय असावे

- पासपोर्ट, त्याच्या रंगीत प्रती आणि जुना पासपोर्ट असल्यास तोही
- साक्षांकित मूळ पदवी किंवा पदविका; बारावीच्या पात्रतेचे काम असल्यास बारावीचे प्रमाणपत्र
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे अलीकडचे छायाचित्र, छापील आणि मोबाइलमध्येही
- अनुभवाची पत्रे, कंपनीच्या लेटरहेडवर, पद आणि तारखांसह
- पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र. सर्वांनाच लागत नाही, पण सुरक्षा आणि शिक्षण क्षेत्रांत मागतात
- परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरत्या पैशांचा पुरावा, कारण विमानात बसण्याआधी एअरलाइनचे कर्मचारीच हे तपासतात

जुना पासपोर्ट का, असा प्रश्न पडेल. तुम्ही पूर्वी कधी यूएईला गेला असाल, तर तुमच्या नावावर तेथील यंत्रणेत एक युनिफाइड नंबर तयार झालेला असतो. नव्या पासपोर्टवर नकळत दुसरा नंबर तयार झाला, तर नोकरीचा व्हिसा अडतो आणि दोन्ही नंबर एकत्र करून घ्यावे लागतात.

५. दिवसांचा हिशेब

व्हिजिट व्हिसाच्या कागदावर दोन मुदती असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. एक मुदत असते ती कोणत्या तारखेपर्यंत देशात प्रवेश करायचा याची. दुसरी, प्रवेशानंतर किती दिवस राहता येईल याची. दुसरी मुदत प्रवेशाच्या दिवसापासूनच धरून मोजावी. मुदत उलटल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढतो, आणि व्हिसा ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर असेल तर ती तुमची फरार म्हणून तक्रारही करू शकते, जी पुढे नोकरीच्या व्हिसाच्या आड येते.

माझा सल्ला असा, की साठ दिवसांपैकी पहिले पस्तीस-चाळीस दिवस मुलाखतींसाठी आणि उरलेले कागदोपत्री कामासाठी धरावेत. पंचावन्नाव्या दिवशी ऑफर मिळाली, तर व्हिसा देशातच वाढवून घ्यायचा की परत यायचे, हा निर्णय पैशांचा विचार करून त्याच दिवशी घ्यावा. ऑफर पक्की असेल आणि कंपनी घाई करत नसेल, तर नागपूरला परत येऊन तेथून नोकरीच्या एंट्री परमिटवर (प्रवेश परवान्यावर) जाणे पुष्कळदा स्वस्त पडते. रमजानच्या महिन्यात सरकारी कार्यालयांच्या वेळा कमी होतात आणि ईदला ती बंद असतात, हेही दिवस मोजताना विसरू नये.

६. ऑफर लेटर वाचण्याची रीत

कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र म्हणजे ऑफर नव्हे. मेनलँडवरच्या, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, खासगी कंपनीत नोकरी असेल, तर मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातली ऑफर असते, जी अरबी आणि इंग्रजीसोबत तुम्हाला कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत मिळू शकते. त्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदी आहे, तीच मागावी. जेबेल अलीसारख्या फ्री झोनमधल्या, म्हणजे स्वतंत्र नियमांच्या व्यापारी क्षेत्रातल्या, कंपनीचा करार त्या झोनच्या प्राधिकरणामार्फत होतो, म्हणून तिथला नमुना वेगळा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. ऑफरवरचा व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर टाकून खात्री करता येते, आणि खोटी ऑफर ओळखण्याचा यापेक्षा सोपा उपाय मला ठाऊक नाही.

मग पगाराच्या रकान्याकडे या. एकूण आकडा पाहून आनंदित होऊ नका, मूळ वेतन किती ते पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे ३० दिवसांच्या मूळ वेतनावर मोजली जाते. समजा दोन कंपन्या दरमहा ५,००० दिरहमच देत आहेत; एकीत मूळ वेतन २,००० आहे आणि दुसरीत ३,५००. पहिलीत एका वर्षाची ग्रॅच्युइटी १,४०० दिरहम होईल, दुसरीत २,४५०. ऑफरवर सही होण्यापूर्वी हे बोलून बदलून घेता येते, नंतर नाही. मी बोललो नव्हतो.

२ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही, आणि त्या काळात मालकाला तुम्हाला काढायचे असल्यास १४ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. तुम्हाला दुसऱ्या कंपनीत जायचे असेल, तर एक महिन्याची सूचना लागते आणि भरतीचा खर्च नव्या मालकाने जुन्या मालकाला द्यायचा असतो. हे आकडे ऑफरमध्ये वेगळे दिसले, तर सही करण्याआधी विचारा.

७. वर्क परमिट, एंट्री परमिट, स्टेटस चेंज

सही झाल्यावरची धावपळ कंपनीची असते, पण क्रम तुम्हाला ठाऊक असावा. पीआरओ आधी मंत्रालयाकडून वर्क परमिटची मंजुरी घेतो. हे काम ऑनलाइन किंवा तसहील केंद्रातून होते. त्यानंतर दुबईत रेसिडेन्सी (निवास परवाना) विभागाकडून नोकरीचे एंट्री परमिट निघते, ज्यासाठी आमेर केंद्रे आहेत. तुम्ही देशातच असल्यामुळे शेवटी 'स्टेटस चेंज' करावे लागते, म्हणजे व्हिजिटरची नोंद बंद होऊन नोकरीच्या परमिटची नोंद सुरू होते. पूर्वी यासाठी लोक ओमानच्या सीमेवर बसने जाऊन परत येत. आता शुल्क भरून देश न सोडता हे करता येते. स्टेटस चेंज होईपर्यंत व्हिजिट व्हिसा जिवंत असला पाहिजे, अन्यथा साचलेला दंड भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

स्टेटस चेंजचा कागद हाती आला की त्याची प्रत मागून घ्या. 'झाले आहे' या शब्दावर विसंबून राहू नका.

८. मेडिकल आणि एमिरेट्स आयडी

स्टेटस चेंजनंतर रेसिडेन्सी पूर्ण करण्यासाठी ठरावीक मुदत असते, म्हणून मेडिकल लगेच करावी. त्यात एचआयव्हीसाठी रक्ततपासणी आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे होतो, तर काही व्यवसायांसाठी हिपॅटायटिसचीही तपासणी होते. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झाला असेल, तर छातीवरचा जुना डाग एक्स-रेत दिसू शकतो; उपचार पूर्ण झाल्याची कागदपत्रे सोबत ठेवावीत आणि निघण्यापूर्वी नागपुरातच एक एक्स-रे काढून डॉक्टरांचे मत घ्यावे. गर्भवती महिलांनी एक्स-रेपूर्वी तसे सांगावे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे.

एमिरेट्स आयडीसाठी, म्हणजे तेथील ओळखपत्रासाठी, बोटांचे ठसे आणि छायाचित्र देणे हा दहा मिनिटांचा भाग आहे. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लावणे बंद झाले असून आयडी हाच रेसिडेन्सीचा पुरावा आहे, त्यामुळे घरचे "पासपोर्टवरचा शिक्का दाखव" म्हणाले तर दाखवायला काही नसते. माझ्या आईची समजूत पटायला बराच वेळ लागला.

९. कोणते पैसे कोणी भरायचे

व्हिजिट व्हिसा, विमानाचे तिकीट आणि पदवीचे साक्षांकन हा खर्च तुमचा. वर्क परमिट, एंट्री परमिट, स्टेटस चेंज, मेडिकल, आयडी आणि रेसिडेन्सी हा सगळा खर्च मालकाचा, आणि तो कामगाराकडून सरळ किंवा आडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. "पहिल्या तीन महिन्यांच्या पगारातून कापू" हीही वसुलीच होय. नागपुरात किंवा मुंबईत भरती एजंटाला पैसे देत असाल, तर नोंदणीकृत एजंटाला कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येतात, आणि त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर पडताळता येतो.

'आझाद व्हिसा' नावाच्या प्रकारापासून मात्र दूरच राहावे. यात एखादी नाममात्र कंपनी पैसे घेऊन तिच्या नावावर व्हिसा काढून देते आणि तुम्ही काम दुसरीकडे करता. कायद्याच्या नजरेत हे परमिटशिवाय काम करण्यासारखेच आहे. पगार बुडाला तर तक्रार कोणाविरुद्ध करणार, हाही प्रश्न उरतोच. तसेच, पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवून घेणे बेकायदेशीर आहे. कामासाठी दिला, तर काम होताच परत मागा.

१०. आयडी हाती आल्यावर

नोकरी गेल्यास काही काळ आधार देणारा विमा २०२३ पासून सक्तीचा असून तो तुम्हालाच काढायचा असतो. मूळ वेतन १६,००० दिरहमपर्यंत असेल, तर त्याचा हप्ता दरमहा ५ दिरहम आहे, आणि न काढल्यास ४०० दिरहम दंड आहे. अनेकांना हे दंड झाल्यावरच कळते. आरोग्य विम्याचे कार्ड कंपनीकडून मागून घ्या. पगार वेतन संरक्षण प्रणालीतून, म्हणजे बँकेमार्फतच येतो आहे ना, हे पहिल्याच महिन्यात तपासा. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ यूएईबाहेर राहिल्यास रेसिडेन्सी रद्द होऊ शकते.

नागपूरच्या बँकेतले बचत खातेही विसरू नका. परदेशात नोकरी लागल्यावर निवासी बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे आणि परदेशातला पगार पाठवण्यासाठी वेगळे एनआरई (अनिवासी बाह्य) खाते उघडावे. शाखेत त्यासाठी पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा मागतात, म्हणून पहिल्या सुटीत येताना हे तिन्ही कागद सोबत आणावेत.